एक शब्द न बोलता केलेली खोडी: बिनशब्दांच्या चित्रपट्टीतलं करडू कसं घडवायचं

पायाच्या शिलाई मशीनजवळ उभे असलेले बापू. समोर माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक. मशीनखाली एक काळंकुळकुळीत करडू. बापूंच्या हातातल्या टेपचं एक टोक खाली लोंबतंय आणि करडाचा डावा कान हळूच वर आलाय. एवढं चित्र पाहिलं की आता काय होणार, हे पाच वर्षांच्या पोराला कळतं आणि त्याच्या पणजीलाही. शब्द एकही नाही.

अशी पट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, काढायला फार भारी चित्रकला लागते असा समज आहे. तो खरा नाही. लागतं ते एका गोष्टीचं भान: वाचकाला दिसलं पाहिजे, करडाला दिसलं पाहिजे, आणि बापूंना मात्र दिसता कामा नये. सगळी गंमत या तिघांच्या नजरांमधल्या अंतरात असते. हा लेख त्या अंतरावर कसं काम करायचं याबद्दल आहे. उदाहरण म्हणून मी माझीच जोडी घेतो: गावातले टेलर बापू आणि त्यांचं करडू चिंधी.

आधी जोडी ठरवा

प्राणी निवडताना 'कोणता गोंडस दिसेल' हा प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचं ते हे: याला काय हवं असतं? शेळीला तीन गोष्टी हव्या असतात. तोंडात काहीतरी, पायाखाली काहीतरी उंच आणि पडायला काहीतरी मऊ. चिंधीच्या सगळ्या खोड्या या तीन इच्छांमधून निघतात. खारीला लपवून ठेवायचं असतं, कावळ्याला उचलायचं असतं, मांजराला टेबलाच्या कडेवरची वस्तू खाली पाडायची असते. इच्छा स्पष्ट असली की खोडी आपोआप सुचते.

खोडी आणि दुष्टपणा यांतला फरकही इथेच पडतो. चिंधी बापूंना त्रास द्यायला निघालेली नसते. ती स्वतःच्या सुखाच्या मागे असते आणि बापूंची फजिती वाटेत होते. प्राणी मुद्दाम छळायला लागला की वाचक त्याच्यापासून तुटतो. माझ्या पट्टीत दोन नियम मी कधी मोडत नाही: कुणाला लागत नाही, आणि चिंधीला कुणी मारत नाही.

माणसालाही हवंसं काहीतरी द्या. बापूंना काम वेळेवर संपवायचं असतं आणि दुपारी अर्धा तास डोळा लावायचा असतो. एवढं पुरे. टेलरचं दुकान मी निवडलं कारण तिथल्या वस्तू बघताक्षणी ओळखू येतात: टेप, कात्री, रीळ, खडू, बटणं, आरसा, कोळशाची इस्त्री. बिनशब्दांच्या पट्टीत वस्तू हीच नामं आणि हालचाल हीच क्रियापदं. ज्या धंद्यातल्या वस्तू ओळखायला खाली नाव लिहावं लागेल, तो धंदा घेऊ नका.

करडाचं अंग हीच त्याची भाषा

कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या गोठ्यासमोर किंवा आठवडी बाजारात शेळ्या बांधतात तिथे तासभर बसा. फोटो काढून घरी येऊ नका. फोटोत शेळी थांबलेली असते आणि आपल्याला हवी असते तिची लगबग. मला बसल्यावर दिसलेल्या गोष्टी सांगतो. शेळीची शेपूट वर असते, मेंढीची खाली लोंबते. पाला उंचावर असला की शेळी मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहते. तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, म्हणून लांबून ती एका रेघेसारखी दिसते. आणि वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ती कापत नाही, ओढून तोडते. हा शेवटचा मुद्दा पुढे कामाला येईल.

चिंधी मी उस्मानाबादी शेळीवरून घेतली. धाराशिव-लातूरकडच्या या शेळ्या बहुतेक काळ्या असतात, कान लांब लोंबते. काळ्या रंगाचा मोठा फायदा असा की चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली तरी करडू चटकन सापडतं. तोटाही आहे: काळ्या तोंडावर भाव दाखवायचे कसे? मी डोळ्यांवर दोन पांढरे ठिपके दिले. तेच चिंधीच्या भुवया. ठिपके एकमेकांजवळ आले की विचार चाललाय, वर गेले की सापडलं, एक वर एक खाली म्हणजे 'मी कुठे काय केलं?'

भुवयांवर एवढा भर का, ते सांगतो. निक पार्क यांच्या मातीच्या बाहुल्यांच्या चित्रपटांतला ग्रोमिट हा कुत्रा १९८९ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आला. त्याला आवाज देण्याचा विचार आधी होता, पण काम करताना लक्षात आलं की कपाळाच्या जरा हालचालीने सगळं कळतंय. त्याला तोंडसुद्धा ठेवलं नाही. जगभरच्या लोकांना त्या कुत्र्याच्या मनातलं एकेक कळतं. चित्रकथांतल्या टिनटिनचा पांढरा कुत्रासुद्धा सुरुवातीच्या गोष्टींत भरपूर बोलायचा. १९४१ मध्ये कॅप्टन हॅडॉक हे पात्र आलं आणि त्यानंतर कुत्र्याचं बोलणं कमी होत गेलं. सोबती प्राणी गप्प असला की वाचक त्याच्या मनात स्वतः बोलतो, आणि ते बोलणं आपण लिहिलेल्या संवादापेक्षा नेहमीच त्याला जवळचं वाटतं.

आता पात्राचा तक्ता करा. एका पानावर करडू सहा अवस्थांत काढा: उभं, झोपलेलं, मागच्या पायांवर, उडी मारताना, चघळताना आणि पकडलं गेल्यावर. मग प्रत्येक आकृती आतून पूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून कोणती अवस्था कोणती ते कळत नसेल तर पाय, मान, शेपूट यांची जागा बदला. तोंडावरचे भाव हे त्यानंतरचं काम आहे. कानांचे अर्थही ठरवून टाका. माझ्याकडे दोन्ही कान खाली म्हणजे नेहमीची चिंधी, एक वर म्हणजे काहीतरी नजरेत भरलंय, दोन्ही आडवे म्हणजे सावध, मागे गेलेले म्हणजे धूम ठोकलीय. एकदा ठरवलं की बदलायचं नाही. चारपाच पट्ट्यांत वाचक ही भाषा शिकतो आणि मग नुसता कान काढूनही भागतं.

एक खोडी, सुरुवातीपासून

गोष्ट एका वाक्यात लिहा. वाक्यात 'कारण', 'खरं तर', 'आदल्या दिवशी' असे शब्द आले तर ती गोष्ट बिनशब्दांत बसणार नाही, सोडून द्या. माझं वाक्य होतं: चिंधी टेपचं टोक खाते, बापू उरलेल्या टेपने माप घेतात, कुर्ता चुकतो.

पहिल्या आराखड्यात मी कुर्ता आखूड काढला होता, बेंबीपर्यंत. टेप आखूड झाली म्हणजे कुर्ताही आखूड, असं मनाने धरलं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अहो, उलटं होईल. सुरुवातीचे बारा इंच गेले तर आकडा वाढणार." बरोबर होतं. टेप ६० इंचांची. तिचे पहिले बारा इंच गेले तर ४० इंचांची छाती मोजताना आकडा येणार ५२. कुर्ता आखूड नाही, तंबू होणार.

या एका दुरुस्तीने पट्टी उभी राहिली, कारण तंबूत झोपता येतं, आणि चिंधीला मऊ जागा हवीच असते. तेव्हापासून मी प्रत्येक खोडी त्या धंद्यातल्या माणसाला दाखवतो. बिनशब्दांच्या चित्रात कार्यकारण पक्कं हवं. तिथे खुलासा करायला जागा नसते, आणि ज्याला त्या कामाची माहिती आहे तो वाचक पहिल्या झटक्यात अडखळतो.

पक्की झालेली पट्टी पाच चौकटींची आहे.

१. बापू वहीत काहीतरी लिहितायत, गिऱ्हाईक आरशात बघतंय. टेप बापूंच्या गळ्यात, टोक खाली लोंबलेलं. मशीनखालून चिंधीचं तोंड, एक कान वर.

२. तीच जागा, तोच कोन. चिंधी मागच्या पायांवर उभी, टेप तोंडात. तुटलेल्या कडेला दोरे लोंबतायत. वरचे दात नाहीत ना, म्हणून कड कात्रीने कापल्यासारखी सरळ काढायची नाही.

३. बापू दोरे लोंबणाऱ्या टोकापासून गिऱ्हाइकाची छाती मोजतायत, चष्मा कपाळावर. चिंधी मशीनखाली बसलीय, तोंडातून टेपचा तुकडा बाहेर.

४. रात्र. दिव्याखाली बापू शिवतायत. कापड मशीनवरून उतरून जमिनीभर पसरलंय आणि त्याच्या एका कोपऱ्यात काळा गोळा झोपलाय.

५. गिऱ्हाईक त्या अवाढव्य कुर्त्यात. बापूंचा हात कपाळावर, दुसऱ्या हातात टेप. कुर्त्याच्या दोन बटणांमधून एक काळा कान बाहेर आलाय.

तिसऱ्या चौकटीतला तुकडा मी मुद्दाम बाहेर दिसेल असा ठेवला. एक तर तो पुरावा आहे, वाचकाची नजर तिथे गेली की गोष्ट जुळते. दुसरं म्हणजे मुलं ही पट्टी बघणार आहेत आणि खऱ्या करडाने टेप किंवा प्लास्टिक गिळलं तर त्याच्या जिवावर बेततं. चिंधी चघळते, गिळत नाही. शेवटच्या चौकटीत नीट बघितलं तर तुकडा बापूंच्या पायाशी पडलेला आहे.

गिऱ्हाइकाच्या पोटावर मी एकही विनोद ठेवला नाही. माणसाच्या अंगावर हसायला लावणं सोपं असतं, आणि मग करडाची गंमत मागे पडते.

कोणाला काय दिसतंय

कच्चे खरडे काढताना प्रत्येक चौकटीखाली तीन अक्षरं लिहा: वा, प्रा, मा. वाचक, प्राणी, माणूस. त्या चौकटीत ज्याला खोडी माहीत आहे त्याच्या अक्षराला गोल करा. टेपच्या पट्टीत पहिल्या चारही चौकटींत 'वा' आणि 'प्रा' यांना गोल आहे. पाचवीत 'मा' ला अर्धा गोल, कारण टेप आखूड झालीय हे बापूंना कळलंय पण कुर्त्यातलं करडू अजून दिसलेलं नाही. तो उरलेला अर्धा गोल म्हणजे हसू. बापूंनी करडू पाहिल्याची सहावी चौकट मी काढून बघितली होती. ती घातली की पट्टी संपते. नसली की वाचकाच्या डोक्यात चालू राहते.

नजरा नीट आखा. खरड्यावर प्रत्येक पात्राच्या डोळ्यापासून पेन्सिलीने सरळ रेघ ओढा आणि ती कुठे जाऊन टेकते ते बघा. बापूंची रेघ चुकूनही चिंधीवरून गेली तर वाचक म्हणतो, 'यांना दिसलं कसं नाही?' आणि विश्वास उडतो. म्हणूनच बापूंना कधी चष्मा कपाळावर, कधी दोऱ्याला गाठ मारण्यात गुंतलेले, कधी गिऱ्हाइकाकडे वळलेले असं ठेवावं लागतं. काम करणारा माणूस आपल्या कामात असतो, हीच त्याची सबब.

या बाबतीत आपल्याकडे शि. द. फडणीसांसारखा दुसरा गुरू नाही. १९२५ मध्ये जन्मलेल्या फडणीसांनी 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठांवर बिनशब्दांची हास्यचित्रं काढली आणि घराघरांत पोचवली. तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची, हे त्यांचं चित्र पुष्कळांना आठवत असेल. त्या चित्रासमोर बसा आणि आपली नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कोणत्या क्षणी हसू आलं ते कागदावर लिहून काढा. मी हे अनेकदा केलं आहे. दर वेळी कळतं की त्यांनी हास्याचं कारण लपवलेलं नाही. समोरच ठेवलंय, फक्त नजर तिथे शेवटी पोचेल अशी मांडणी केलीय.

कोन, फट आणि वेळ

नवीन चित्रकार प्रत्येक चौकटीत कोन बदलतात, जवळून, लांबून, वरून. खोडीच्या पट्टीत ते बहुतेक वेळा घातक ठरतं. जागा तीच, कोन तोच ठेवला की वाचकाला फक्त बदललेली गोष्ट दिसते: टेप छोटी झाली, कान वर आला. पहिल्या तीन चौकटींत मशीन, आरसा, दार एकाच जागी ठेवा. कोन बदलायचा तो वेळ किंवा जागा खरोखर बदलते तेव्हा. माझ्याकडे चौथ्या चौकटीत रात्र होते, म्हणून तिथे कोनही बदलतो.

आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणून चिंधी कामगिरीवर निघते ती डावीकडून उजवीकडे, आणि पकडली गेली की उजवीकडून डावीकडे पळते. दोन चौकटींमधली पांढरी फट म्हणजे वेळ. क्षणभराचं अंतर असेल तर फट अरुंद, रात्र उलटली असेल तर दुपटीने रुंद. 'थोड्या वेळाने' असं लिहायचा मोह होतोच, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ, दारातली सावली किंवा विझलेली इस्त्री यांपैकी एक वापरा.

जवळजवळ बिनशब्दांचं, म्हणजे किती?

माझा हिशेब एका पट्टीत एक आवाज, फार तर दोन. दुकानाची पाटी चालते, कारण ती जागेचा भाग आहे. संवाद अजिबात नाही. चिंधी 'बेंऽऽ' करते ती वर्षातून दोनदा, तेव्हा त्या 'बेंऽऽ'ला वजन येतं.

आवाजाच्या बाबतीत मराठीची श्रीमंती मोठी आहे आणि ती वापरली पाहिजे. कापड फाटलं की टर्र, खडू मोडला की कट्, बटणांचा डबा उलटला की खळळ, मशीन चाललं की खडखडखड, भाकरीवर दात पडले की कुर्रम. परक्या कॉमिकमधले आवाज उचलू नका. घरात तो आवाज झाल्यावर आई काय म्हणते ते लिहा.

आणि शिरोरेषा! ती आपल्या लिपीची खास देणगी आहे. 'टर्र' लिहिताना शिरोरेषाच फाटलेली काढा, दोरे लोंबत ठेवा. 'धप्प' लिहिताना ती मधोमध वाकवा. एका पट्टीत 'खडखड'ची लांबलचक शिरोरेषा मी मशीनच्या सुईतून निघालेल्या दोऱ्यासारखी काढली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चिंधी ती ओढत बसलेली. अक्षर चित्रात असं मिसळलं की तो शब्द राहत नाही, वस्तू होतो. त्यामुळे अक्षरं आयत्या फॉन्टमधून घेऊ नका, हाताने काढा.

कागद, शाई, स्क्रीन

यात फार अडकू नये. एचबी पेन्सिल, १५० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा कार्ट्रिज पेपर, ०.३ आणि ०.५ चे पक्क्या शाईचे पेन, आणि काळं भरायला दोन नंबरचा गोल ब्रश. छापायच्या आकाराच्या दीडपट काढा. लहान करताना रेघ घट्ट दिसते. करडू काळं भरताना पाठीवर एक बारीक पांढरी रेघ सोडा, नाहीतर पाय आणि पोट एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो. चिंधी आणि अंधार एकाच चौकटीत असतील तर अंधार राखाडी ठेवा, चिंधी काळी.

स्कॅन करताना नुसतं रेखाचित्र असेल तर ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), रंगीत असेल तर ३०० पुरतं. संगणकावर काढायचं तर क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. मोबाइलवर एकेक चौकट सरकवून वाचली जाणार असेल तर १०८० बाय १३५० पिक्सेलचा उभा आकार घ्या. पण मग लक्षात ठेवा, छापील पानावर डोळ्याच्या कोपऱ्यातून शेवटची चौकट आधीच दिसते. मोबाइलवर ती लपलेली असते. तिथे हसू जास्त जोरात येतं, पण मागच्या चौकटीतला छोटा पुरावा वाचक विसरलेला असतो. म्हणून मोबाइलसाठी काढताना टेपचा तुकडा मी थोडा मोठा करतो.

गप्प बसून घ्यायची परीक्षा

पट्टी तीन जणांना दाखवा. एक मूल, एक म्हातारं माणूस आणि एक असं कुणी जे कॉमिक वाचत नाही. दाखवताना तोंड उघडायचं नाही, 'बघ हं, मजा आहे' असंही म्हणायचं नाही. बघून झालं की एवढंच विचारा: काय झालं, सांग. ते सांगतील ते शब्द न शब्द लिहून घ्या. सांगताना 'आणि मग काहीतरी...' असं जिथे येईल तिथे एक चौकट कमी आहे. जिथे ते एकच गोष्ट दोनदा सांगतील तिथे एक जास्त आहे.

टेपच्या पट्टीचा पहिला पक्का खर्डा मी शेजारच्या पहिलीतल्या मुलीला दाखवला. चौथी चौकट बघून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मेली का?" कापडाच्या कोपऱ्यातला काळा गोळा तिला निपचित पडलेला वाटला होता. मी काही न बोलता घरी आलो, चिंधीचे चारही पाय पोटाखाली घेतले, मान वळवून तोंड पाठीवर टेकवलं आणि एक कान जरासा उचलला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी म्हणाली, "झोपलीय. सोंग घेतलंय." सोंगाचं मला सुचलंही नव्हतं, पण तेच जास्त खरं होतं. पाचव्या चौकटीत बटणांमधून कान बाहेर येतो, तो आता त्या सोंगाचाच पुढचा भाग वाटतो.

खोड्यांचं गाठोडं

एक पट्टी जमली की लगेच यादी करा. वहीच्या पानावर उभं चिंधीच्या तीन इच्छा लिहा, आडव्या दुकानातल्या वस्तू. प्रत्येक घरात एक खोडी बसते का बघा. उंच + कापडाचे गठ्ठे: गठ्ठ्यांच्या शिखरावर चिंधी, बापूंना हवं असलेलं कापड सगळ्यात खाली. तोंड + खडू: बापू खुणा करतात, चिंधी मागून चाटत येते. मऊ + तयार कपड्यांची पिशवी: गिऱ्हाईक पिशवी घेऊन घरी पोचतं तेव्हा ती जड का, हे वाचकाला आधीच माहीत. दिवाळीत दुकानासमोर पोरांनी किल्ला केलेला असतो, त्यावर अळीव पेरून जंगल उगवलेलं असतं. चिंधीला तिथे खाणं आणि उंची दोन्ही एकदम मिळतं. ही पट्टी मी अजून काढतोय. पोरांची मेहनत वाया जाऊ न देता तिचा शेवट कसा करायचा, ते अजून सुटलेलं नाही.

दर आठ-दहा पट्ट्यांनंतर एकदा चिंधीची खोडी बापूंच्या उपयोगी पडू द्या. हरवलेली सुई तिच्या खुरापाशी चमकते, किंवा डोळा लागलेल्या बापूंना ती नेमकी गिऱ्हाईक यायच्या वेळी ढुशी देते. तिला हवं काहीतरी दुसरंच असतं, पण वाचकाला दोघांच्या सोबतीची ऊब जाणवते, आणि पुढच्या दहा खोड्या तो मायेने वाचतो.

पाठवायची कुठे

बिनशब्दांच्या पट्टीला भाषेची सीमा नसते. डेन्मार्कमध्ये १९३७ मध्ये 'मिक' या टोपणनावाच्या चित्रकाराने सुरू केलेली 'फर्डिनांड' ही पट्टी कित्येक देशांतल्या वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि तिचं भाषांतर कुणालाच करावं लागलं नाही. पण सुरुवात घरून करावी. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून मुलांच्या हातात आहे. अशा मासिकांना आणि स्थानिक पुरवण्यांना चांगल्या चित्रपट्ट्यांची गरज असते. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून दिवाळीची पट्टी जून-जुलैमध्ये तयार हवी.

पाठवताना तीन पूर्ण पट्ट्या आणि पात्राचा एक तक्ता पाठवा. मूळ चित्रं स्वतःजवळ ठेवा, प्रती द्या. सोबतच्या पत्रात नाव, पत्ता आणि पट्टीचा आकार लिहा. गोष्टीत काय घडतं ते मात्र एका ओळीतही सांगू नका.